घरात बिनतारी इंटरनेट : मोडेम आणि राउटर घेताना, बसवताना



गेल्या काही वर्षांत गावोगावी खांबांवरून एक काळी बारीक तार फिरू लागली आहे. ही काचतंतूची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर. ग्रामपंचायतींपर्यंत अशी तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिलाच भारतनेट हे नाव मिळाले. शिवाय खाजगी कंपन्यांनी आणि तालुक्याच्या केबलवाल्यांनीही आपापल्या तारा ओढल्या. त्यामुळे आज पुष्कळ घरांत भिंतीवर एक लुकलुकणारी डबी दिसते. माणूस येतो, दारातून तार आत घेतो, हाताला लागेल त्या खिळ्यावर डबी अडकवतो, सही घेतो आणि जातो. त्यानंतर तक्रारी सुरू होतात. ओसरीवर चालतं पण माजघरात येत नाही. पाऊस आला की बंद पडतं. शेजारच्या पोरांनी पासवर्ड काढला. एक वीज चमकली आणि डबीच जळाली.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलमध्ये इंटरनेट आहेच की, मग घरात आणखी वेगळं कशाला? सर्वांनाच त्याची गरज आहे असे नाही. ज्याच्या घरात एकच मोबाइल आहे आणि टॉवर चांगला मिळतो, त्याने हा खर्च करू नये. पण पीकविम्याची मुदत संपायला आली, की सगळा गाव एकाच टॉवरवर तुटून पडतो आणि रात्री अकरा वाजता अर्धा भरलेला अर्ज गोल गोल फिरत राहतो, हे आपण पाहिले आहे. मुलीचा प्रवेशअर्ज, सातबाराचा उतारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचे व्यवहार ही कामे एकाच घरात चार माणसे करू लागली, की घरचे जोडणे स्वस्त पडते आणि भरवशाचेही ठरते. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. राज्यात २०२१ साली ई-पीक पाहणी आली. तिच्यासाठी पिकाचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो. तिथे घरचे वायफाय पोचणार नाही. 

मोडेम कोणता, राउटर कोणता?

पुष्कळ लोक दोन्ही शब्द एकाच डबीला लावतात. त्यात त्यांची चूक नाही, कारण हल्ली दोन्ही यंत्रे बहुधा एकाच डबीत येतात. पण कामे दोन आहेत आणि बिघाड कुठे आहे हे कळायला ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

कालव्याचे पाणी शेतात कसे येते ते डोळ्यांपुढे आणा. मुख्य कालव्यावरून चारी निघते, चारी आपल्या बांधापर्यंत येते. तिथे पाणी आत घेण्याचे दार असते. मोडेम म्हणजे हे दार. बाहेरून येणारा संदेश तारेतून ज्या रूपात येतो, त्या रूपात आपल्या मोबाइलला तो समजत नाही. जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेत तो विजेच्या लहरींच्या रूपात येतो, फायबरमध्ये प्रकाशाच्या रूपात येतो. त्याचे रूप पालटून घरातल्या यंत्रांना समजेल असे करणे आणि आपला संदेश उलट रूपात बाहेर धाडणे हे मोडेमचे काम. फायबरच्या मोडेमला कंपनीचे लोक ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. घाबरू नका, काम तेच.

आता पाणी बांधाच्या आत आले. पण रानात दारे धरायला माणूस नसेल तर एक वाफा तुंबेल आणि दुसरा कोरडा राहील. दारे धरणारा तो माणूस म्हणजे राउटर. घरातल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला, संगणकाला तो एक क्रमांक देतो. कोणी काय मागितले ते लक्षात ठेवतो आणि बाहेरून आलेले ज्याचे त्याला पोचवतो. बाहेरच्या जगाला मात्र सगळे घर मिळून एकच दिसते. गट नंबर एक आणि आत पोटहिस्से अनेक, तसलाच हा प्रकार. पोटहिश्शांचा हिशेब राउटरकडे असतो.

आणि वायफाय म्हणजे राउटरपासून मोबाइलपर्यंतचा, तारेवाचून होणारा शेवटचा टप्पा. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरीही काहीच उघडत नाही, असे घडते. याचा अर्थ रानातले दांड चांगले आहेत पण कालव्यालाच पाणी सुटलेले नाही. अशा वेळी राउटर हलवून, उलटासुलटा करून काहीच उपयोग नाही. उलट ओट्यावर वेगात चालते आणि मागच्या खोलीत नाही, तेव्हा कालवा ठीक आहे, दोष घरातला आहे. एवढे ओळखता आले तरी तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी घरीच सुटतात.

गावात फायबर आले असेल तर तेच घ्यावे. वस्ती लांब असेल आणि तार येत नसेल, तर सिमकार्डावर चालणारा राउटर मिळतो. तो घेण्यापूर्वी वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले दोन-तीन मोबाइल घेऊन माळवदावर किंवा छतावर जावे आणि कुणाचा टॉवर खरोखर चालतो ते सकाळी व रात्री, दोन्ही वेळा पाहावे. दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नये. दुकान बाजारपेठेत असते, आपली वस्ती ओढ्यापलीकडे.

वेगाचा आकडा मेगाबिटमध्ये सांगतात. त्याला आठाने भागले की दर सेकंदाला किती मेगाबाइट माल येईल ते कळते. ४० चा वेग म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. चार-पाच माणसांच्या घराला तीस ते पन्नासचा वेग पुरेसा होतो. स्वच्छ दिसणाऱ्या एका व्हिडिओला साधारण पाच लागतात, यावरून हिशेब करा. शंभर किंवा दोनशेच्या जाहिरातीला भुलून दरमहा जादा पैसे भरण्याचे कारण नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत : डबी आपल्या मालकीची की कंपनीची? महिन्याला किती वापरानंतर वेग कमी होतो? आणि तार तुटली तर जोडायला माणूस कुठून येतो? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. जो तालुक्यात बसतो त्याचे जोडणे घ्यावे, मग महिना पन्नास रुपये जास्त पडले तरी चालेल.

डबी कुठे लावावी

इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते आणि सुधारायला पैसा लागत नाही.

आपला रेडिओ ज्या मध्यम लहरींवर लागतो त्यांची लांबी शेकडो मीटर असते. म्हणून आकाशवाणीचे केंद्र शे-सव्वाशे किलोमीटरवर असले तरी गोठ्यात बसून कार्यक्रम ऐकता येतो. वायफायची लहर मात्र जेमतेम वीतभर, नव्हे त्याहूनही आखूड. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटिमीटर असते. शिवाय तिची ताकदही अगदी थोडी ठेवलेली असते. थोड्या ताकदीची म्हणूनच तिला परवाना लागत नाही. २.४ चा पट्टा आपल्या देशात २००५ साली खुला झाला आणि ५ चा बराचसा पट्टा २०१८ साली. पूर्वी घरात रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, जुन्या मंडळींना आठवत असेल.

तर अशी ही आखूड आणि दुबळी लहर. तिला दोन गोष्टींचे वावडे आहे : लोखंड आणि पाणी. पत्र्यावर आदळली की ती मागे फिरते. धान्याची पत्र्याची कोठी, लोखंडी कपाट, पत्र्याची आडभिंत, लोखंडी शटर यांच्या मागे तिची सावली पडते, जशी उन्हात झाडाची पडते. पाणी तिला शोषून घेते. म्हणून पाण्याच्या टाकीमागे, ओल आलेल्या भिंतीमागे, ओल्या धान्याच्या थप्पीमागे वायफाय मंदावते. दोन हात जाडीच्या दगडी किंवा पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंती दिसायला छान, उन्हाळ्यात गारही. पण वायफायला त्या विटांच्या भिंतीपेक्षा जड जातात. मोठा आरसासुद्धा आड येतो, कारण त्याच्या पाठीला धातूचा लेप असतो.

तेव्हा डबी दाराजवळच्या कोपऱ्यात नको. कोपऱ्यात लावली की तिचे निम्मे काम रस्त्यावर सांडते. घराच्या मध्यावर, जिथून जास्तीत जास्त खोल्यांची दारे दिसतात अशा जागी, माणसाच्या डोक्याच्या उंचीला किंवा किंचित वर लावावी. कपाटात बंद करू नये, टीव्हीच्या मागे लपवू नये. घरातली मंडळी तिच्यावर भरतकामाचे आच्छादन घालतात. हौस समजण्यासारखी आहे, पण डबीला हवा लागते. ती गरम होते आणि उन्हाळ्यात आपोआप बंद पडू लागते. चुलीच्या धुरापासून आणि पिठाच्या गिरणीपासून लांब ठेवावी. पत्र्याच्या घरात पत्र्याला चिकटून लावू नये. मे महिन्यात त्या उंचीवर माणूसही बसू शकत नाही, यंत्र काय बसणार? डबीच्या भोकांतून मुंग्या शिरून घर करतात. भिंतीवरून मुंग्यांची रांग जात असेल तर जागा बदलावी.

बसवायला माणूस येईल तेव्हा त्याला जागा तुम्ही दाखवा. फायबरची तार दहा-पंधरा मीटर जास्त ओढायला तो कुरकुर करील, पण नंतर पुन्हा कोणी येणार नाही. तार आत घेताना भिंतीचे छिद्र बाहेरच्या बाजूला उतरते पाडायला सांगा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून घरात येणार नाही. तार कुठेही बांगडीपेक्षा लहान वेटोळ्यात वळवू नये. काचतंतू वाकला की प्रकाश बाहेर निसटतो, तार वरून धड दिसते आणि नेट मात्र बंद. आणि रस्ता ओलांडून तार येत असेल तर उसाने किंवा कडब्याने भरलेली ट्रॉली खालून जाईल एवढी ती उंच घ्या. दरवर्षी गळीत हंगामात तारा तुटतात त्या याच कारणाने. घरात ती आढ्यावरून नेली तर उंदीर कुरतडतात. प्लॅस्टिकच्या पट्टीतून किंवा नळीतून न्यावी.

राउटरवर २.४ आणि ५ अशी दोन जाळी दिसतील. २.४ चे जाळे लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण वेगाने कमी. ५ चे वेगवान, पण एका-दोन भिंतींत दमते. टीव्ही राउटरच्या खोलीत असेल तर त्याला ५ वर लावा, मागच्या खोलीतील मोबाइल २.४ वर. कॅमेरे आणि स्वस्तातली यंत्रे बहुधा २.४ च समजतात.

वीज : रोजची आणि आभाळातली

राउटर विजेला भारी नाही. दहा वॅटचा धरला तर दिवसरात्र चालून पाव युनिटही होत नाही, महिन्याला सात युनिटांच्या आसपास. रोज बंद-चालू करण्याची गरज नाही.

खरा प्रश्न भारनियमनाचा. वीज गेली की डबी बंद आणि नेमके तेव्हाच काम असते. यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा. तो दोन-चार तास काढतो. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरील अक्षरे वाचावीत. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, १२ असतील तर १२ च. अँपिअर मात्र तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात. ९ व्होल्टच्या यंत्राला १२ चा ॲडॅप्टर लावून यंत्र घालवलेले पुष्कळ आहेत. मोडेम आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना यूपीएस हवा. एकच चालू ठेवून उपयोग नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्याच प्लगवर दोन्ही लावावीत.

खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी चारशेपर्यंत व्होल्ट शिरतात आणि एका क्षणात टीव्ही, चार्जर, राउटर सगळे जाते. दिवे एकदम प्रखर झाले किंवा पंखा वेड्यासारखा फिरू लागला, तर विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. घराची अर्थिंग सुस्थितीत आहे ना हे उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना तपासून घ्यावे. खड्ड्यात पाणी घालावे.

आता आभाळातल्या विजेविषयी. वळवाच्या पावसात, अवकाळीत गडगडाट सुरू झाला की राउटरचा प्लग भिंतीतून उपटून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटणातील बारीक फट ओलांडून वीज पुढे जाते. फायबर काचेचा असल्याने त्याच्यातून वीज येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण काही तारांना आधारासाठी पोलादी धागा असतो. तो डबीपर्यंत आणू नये, बाहेरच खांबाला किंवा हुकाला बांधून संपवावा. ज्यांच्याकडे अजून तांब्याची टेलिफोन तार आहे त्यांनी विजेच्या प्लगाबरोबर टेलिफोनची पिनही काढली पाहिजे. पुष्कळ मोडेम विजेच्या तारेने नव्हे तर याच वाटेने जळाले. घरातून गोठ्याकडे उघड्यावरून नेलेली तांब्याची नेटची तार असेल तर तीही काढावी. हे करायचे ते ढग जमताना. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नये. यंत्र गेले तर दुसरे येते.

जोडणी

जागा ठरली, वीज ठरली, की जोडणी सोपी आहे. फायबरचे हिरव्या टोकाचे प्लग मोडेमच्या हिरव्या खाचेत बसते. त्याचे टोक उघडे असताना त्यात डोळा लावून बघू नये. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. मुलांना तर हे निक्षून सांगा. राउटर वेगळा असेल तर मोडेमच्या लॅन खाचेतून एक तार राउटरच्या वॅन लिहिलेल्या खाचेत लावावी. ही खाच बहुधा वेगळ्या रंगाची असते. आधी मोडेम चालू करावा, दोन मिनिटे थांबावे, दिवे स्थिर झाले की मग राउटर.

डबीच्या पाठीला एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर जाळ्याचे नाव, पासवर्ड आणि आतल्या कारभाराचा पत्ता छापलेला असतो. भिंतीवर अडकवण्यापूर्वी तिचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. आता मोबाइलचे स्वतःचे नेट बंद करा, वायफाय उघडा, चिठ्ठीवरचे नाव शोधा, पासवर्ड द्या. जोडले गेले की ज्यात आपण एरवी संकेतस्थळे उघडतो तिथे वरच्या पट्टीत चिठ्ठीवरचा पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आकडे इंग्रजीत टाइप करावेत, मधले टिंब विसरू नये. राउटरचे पान उघडेल. हे पान घरातल्या घरातच आहे, त्याला बाहेरचे इंटरनेट लागत नाही.

इथे चार कामे करायची. पहिले, कंपनीने ग्राहक म्हणून नाव व पासवर्ड दिला असेल तर तो पीपीपीओई नावाच्या रकान्यात भरायचा. बसवणारा माणूस हे करून देतो, पण तो काय भरतो ते वहीत लिहून घ्या. राउटरच्या पाठीवरील बारीक भोकात काडी घालून कोणी दहा सेकंद दाबली की सगळे पुसले जाते आणि मग हीच नोंद कामी येते. दुसरे, या पानात शिरण्याचा जो पासवर्ड आहे तो बदलायचा. तो छापील आणि सगळ्यांना ठाऊक असलेला असू शकतो. तिसरे, जाळ्याचे नाव बदलायचे. त्यात आपले नाव किंवा गट नंबर घालू नये. चौथे, वायफायचा पासवर्ड. सुरक्षिततेचा प्रकार निवडायला सांगतात तिथे डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ घ्यावा. डब्ल्यूईपी नावाचा जुना प्रकार कुठे दिसला तर घेऊ नये, तो काही मिनिटांत फुटतो.

पासवर्ड मोबाइल नंबर नको, मुलाचे नाव नको, बैलाचेही नको. सगळ्या गावाला बैलाचे नाव ठाऊक असते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत. उदा. पळी, डोंगर, सायकल, मिरची. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहून मध्ये दोन आकडे घालावेत. लक्षात राहते आणि ओळखता येत नाही. अर्थात इथे छापलेले शब्द आता कोणीही घेऊ नयेत.

वायफाय उघडे ठेवू नये असे सांगितले की काही मंडळींना ते कोतेपणाचे वाटते. शेजाऱ्याला पाणी आपण नाकारत नाही, मग नेट का? प्रश्न रास्त आहे. पण पाणी पिऊन कोणी तुमच्या नावावर गुन्हा करत नाही. जोडणे तुमच्या नावावर आहे, कागदपत्रे तुमची दिली आहेत. त्या वायफायवरून कोणी कुणाला फसवले, घाणेरडे चित्र पाठवले, खोटी धमकी दिली, तर तपासाची पहिली पायरी तुमच्या दारात येते. आपण काही केले नाही हे पुढे सिद्ध होईलही, पण चकरा कोण मारणार? शेजारधर्म पाळायचाच असेल तर राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करण्याची सोय असते. त्याला वेगळा पासवर्ड द्या आणि काम झाले की बदला. मुलांच्या मोबाइलचे नेट रात्री ठरल्या वेळी बंद करण्याचीही सोय त्याच पानावर बहुतेक राउटरांत मिळते. पोरं नाराज होतील, होऊ द्यावीत.

आणखी एक सावधगिरी. "कंपनीतून बोलतोय, तुमचा राउटर बंद होणार आहे, मोबाइलवर आलेला आकडा सांगा" किंवा "हे ॲप घ्या, मी इथून दुरुस्त करतो" असा फोन आला तर ठेवून द्यावा. राउटर दुरुस्तीसाठी बँकेचा ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

गोठा, दुसरे घर, विहीर

एकत्र कुटुंबाचा वाडा लांबट असतो, मागे गोठा, पलीकडे भावाचे घर. एका डबीत एवढे होत नाही. बाजारात प्लगमध्ये खोचायची लहर वाढवणारी यंत्रे मिळतात. ती स्वस्त आहेत, पण आधीच दमलेली लहर पकडून पुढे देतात आणि वेग निम्म्यावर येतो. लावायचीच तर जिथे वायफाय पोचत नाही तिथे नव्हे, जिथे अजून बऱ्यापैकी पोचते अशा मधल्या जागी लावावीत. खरा उपाय म्हणजे नेटची तार. ती शंभर मीटरपर्यंत नेता येते. बाहेरून न्यायची असेल तर उन्हापावसाला टिकणारी, काळ्या जाड वेष्टनाची घ्यावी. घरातली पांढरी-निळी तार दोन उन्हाळ्यांत तडकते. दुसऱ्या टोकाला जुना राउटर लावला तरी चालतो. मात्र त्याला ॲक्सेस पॉइंट या प्रकारावर ठेवावे. ती सोय नसेल तर त्याचे डीएचसीपी बंद करून तार त्याच्या लॅन खाचेत लावावी. एका रानात दोघे दारे धरू लागले की पाण्याचे भांडण ठरलेले, तसे दोन राउटर क्रमांक वाटू लागले की घोळ होतो.

विहिरीवर किंवा द्राक्षबागेत कॅमेरा लावायचा असेल आणि अंतर दोन-तीनशे मीटर असेल, तर समोरासमोर लावायच्या दोन अँटेना मिळतात. एक घराच्या छतावर, दुसरी शेडवर. मधून स्वच्छ नजर गेली पाहिजे. इथे एक गंमत होते. उन्हाळ्यात बसवलेले यंत्र उत्तम चालते आणि श्रावणात बंद पडते. यंत्र बिघडलेले नसते. मधला ऊस किंवा केळी वाढलेली असते. पाण्याने भरलेली हिरवी पाने लहर पिऊन टाकतात. तेव्हा अँटेनाची उंची आजच्या पिकावरून नव्हे, पूर्ण वाढलेल्या उसावरून ठरवावी. मोटारीच्या मोबाइल स्टार्टरला मात्र यातले काही लागत नाही, तो सिमकार्डावर चालतो.

बंद पडले तर

आधी दिवे बघा. मोडेमवर लॉस किंवा एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर प्रकाशच येत नाही. तार तुटली आहे, वाकली आहे किंवा प्लग सैल झाला आहे. घरापासून खांबापर्यंत तार डोळ्यांनी तपासा. तुटलेली दिसली तर ती सोलून, पीळ देऊन, चिकटपट्टी लावून जोडू नका. काचतंतू तसा जुळत नाही, त्याला वितळवून जोडणारे यंत्र लागते. तुमच्या खटपटीत टोक जास्त खराब होते.

लाल दिवा नाही पण नेट नाही, तर मोडेम व राउटर दोन्ही बंद करा, एक मिनिट थांबा, आधी मोडेम मग राउटर चालू करा. तरीही नाही, तर शेजारच्या ज्याच्याकडे त्याच कंपनीचे जोडणे आहे त्याला विचारा. त्याचेही बंद असेल तर दोष वरचा आहे. त्याचे चालू असेल तर तुमची महिन्याची रक्कम भरलेली आहे का ते बघा. हसू नका, पुष्कळदा कारण हेच निघते.

एकाच मोबाइलवर चालत नसेल आणि बाकीच्यांवर चालत असेल, तर त्या मोबाइलमधून जाळे विसरा म्हणून पुसून टाका आणि पुन्हा पासवर्ड देऊन जोडा. संध्याकाळीच मंद होत असेल आणि वस्तीत चार-पाच राउटर असतील, तर २.४ च्या जाळ्याचा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक करून पाहा. हे तीन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

यानेही भागले नाही तर तक्रार करावी, ती तोंडी नको. ग्राहक क्रमांक हाताशी ठेवून फोन करा, ते जो तक्रार क्रमांक देतील तो, तारीख आणि वेळ त्याच वहीत पीपीपीओईच्या नोंदीखाली लिहा, आणि दुसऱ्या वेळी फोन कराल तेव्हा नव्याने गाऱ्हाणे न सांगता तोच क्रमांक सांगा.